झाकल्या मुठीचे व्याज

सेलूहून बोर धरणाकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत हिंगणी लागते. व्याघ्रप्रकल्प पाहावयास जाणाऱ्या मोटारींना येथे थांबण्याचे विशेष कारण नसते. परंतु विदर्भातील मध्यमवर्ग कसा घडला हे ज्यांना पाहावयाचे आहे, त्यांनी हिंगणीसारख्या गावातून उलट दिशेने, म्हणजे सेलू-वर्ध्याकडे, प्रवास करावा. कपाशीच्या उत्पन्नावर शिकलेला मुलगा शिक्षक, लिपिक किंवा ग्रामसेवक होतो. तालुक्याच्या नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी, काल-परवापर्यंत शेत असलेल्या जमिनीवर पडलेल्या 'ले-आउट'मध्ये भूखंड घेतो. आणि यथावकाश तेथे दोन मजली घर उभे राहते. फाटकावर पदवीसह नामफलक, अंगणात तुळस, पोर्चमध्ये आच्छादन घातलेली मोटार. मागे राहिलेल्या गावात मग मुलांना अभ्यासाला बसवताना त्या घराचा दाखला दिला जातो.

या घरांकडे पाहताना अर्थशास्त्राच्या अध्यापकास एक अडचण जाणवते. बेरीज जुळत नाही. नोकरदाराचे उत्पन्न ही काही गुप्त गोष्ट नव्हे. वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता शासननिर्णयात छापलेला असतो. खर्चही डोळ्यांपुढे असतो: घराचा हप्ता, नागपूरच्या शिकवणीवर्गाचे शुल्क, मंगल कार्यालयातले लग्न, आणि गावाकडच्या शेताला दर मृगात लागणारे बी-खत. एकातून दुसरे वजा केले तर पुष्कळ घरांत शिल्लक उरत नाही, तूट उरते. ती कोठून भरली जाते हे बहुधा घरातला एकच माणूस जाणतो, आणि तो सांगत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. या म्हणीत मुठीची किंमत सांगितली आहे. मूठ झाकून ठेवण्यास किती खर्च येतो, हे सांगितलेले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो खर्च आहे.

२० जून २०२२ रोजी सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे दोन सख्ख्या भावांच्या दोन घरांत मिळून नऊ माणसे मृतावस्थेत आढळली. एक भाऊ शिक्षक, दुसरा पशुवैद्यक. म्हणजे गावात ज्यांच्याकडे आदराने पाहिले जाते अशीच ही घरे. सापडलेल्या चिठ्ठ्यांतील नावांवरून पंचवीस जणांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला आणि सावकारी कर्जापायी सामूहिक आत्महत्या असा निष्कर्ष साऱ्या महाराष्ट्राने काढला. आठवड्याभरात तपासाला कलाटणी मिळाली. गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्या मांत्रिकाने आणि त्याच्या साथीदाराने विष देऊन हे हत्याकांड केले, असा आरोप ठेवून पोलिसांनी दोघांना अटक केली. न्यायाचे काम न्यायालयाचे. आपल्यापुरती ध्यानात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. पहिला निष्कर्ष कोणालाही अशक्य वाटला नाही. शिक्षकाच्या घरावर असह्य कर्ज असू शकते आणि शेजाऱ्याला त्याचा सुगावाही नसू शकतो, हे प्रत्येकाने विनातक्रार मान्य केले. कारण प्रत्येकाच्या पाहण्यात असे एखादे घर होते. आणि पोलिसांचे म्हणणे खरे मानले, तरी गुपितावर गुपित चढते एवढाच फरक पडतो. गुप्तधनाचा शोधही गुपचूपच करावा लागतो, आणि ज्याची वाच्यता करता येत नाही अशा व्यवहारात सल्ला देणारा, थांबवणारा, हिशेब विचारणारा कोणी उरत नाही.

आता सावकारीचा हिशेब पाहू. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. त्याखाली परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर सालिना ९ व विनातारण कर्जावर १२ टक्के, आणि इतरांकडून अनुक्रमे १५ व १८ टक्के, एवढाच व्याजदर घेता येईल असे शासनाने ठरवून दिले. प्रत्यक्षात बिनपरवाना व्यवहार दरमहा शेकडा तीन ते पाच रुपयांनी चालतात. एक लाखावर दरमहा पाच टक्के म्हणजे वर्षाचे साठ हजार. कायद्याने फार तर अठरा हजार. मधल्या बेचाळीस हजारांत नोकरदार नेमके काय विकत घेतो?

जोखमीची किंमत, असे पाठ्यपुस्तकी उत्तर देता येईल. पण पगारदाराकडून वसुलीची जोखीम ती कितीशी? कोरे धनादेश सहीनिशी घेतलेले असतात, क्वचित पगाराच्या खात्याचे कार्डच सावकाराच्या पेटीत असते, आणि रक्कम मोठी असेल तर गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेतलेले असते. धनादेश न वटल्यास फौजदारी करण्याची सोय परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ने करून दिलेली आहेच. इतक्या सुरक्षित कर्जाला इतके महाग व्याज का? माझ्या मते सावकार दोन वस्तू विकतो. एक पैसा आणि दुसरी मौन. पैशाचा भाव बाजारात ठरतो. मौनाचा भाव घेणाऱ्याच्या भीतीवर ठरतो.

पगारदारांच्या पतसंस्थेत हेच कर्ज कितीतरी स्वस्त मिळते. परंतु तेथे अर्ज करावा लागतो, मुख्याध्यापकांची किंवा कार्यालयप्रमुखांची सही लागते, दोन जामीनदारांना गाठून कारण सांगावे लागते, आणि संचालक मंडळावर बसलेले असतात ते आपलेच सहकारी. स्वस्त कर्ज तोंड उघडावयास लावते. म्हणून पहिले कर्ज पतसंस्थेचे, दुसरे भिशीचे (बोली लावून घेतलेली भिशी म्हणजे आधीच कापून दिलेले व्याज, हे हिशेबी बाबूलाही त्या घटकेला दिसत नाही), आणि तिसरे काळोखातले, असा क्रम लागतो. हा काळोखातला सावकार पुष्कळदा धोतर-टोपीतला नसून त्याच शिक्षककक्षात शेजारच्या खुर्चीवर बसणारा असतो, ही गोष्ट आमच्या व्यवसायाला भूषणावह नाही. पण ती सर्वांना ठाऊक आहे.

तशीच दुसरी सर्वश्रुत आणि अनुच्चारित गोष्ट म्हणजे नोकरीची 'देणगी'. खाजगी संस्थांतील कित्येक पदांसाठी उमेदवाराच्या घरून जी रक्कम जाते तिची पावती मिळत नाही. वडिलांचे एक-दोन एकर विकले जातात किंवा गहाण पडतात. त्यानंतर विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षे अल्प वेतनात किंवा बिनपगारी राबणे, आणि पुढे अनुदान आले की पहिल्या पगारापासून जुने देणे फेडणे. बाहेरून पाहणाऱ्यास नोकरी लागलेला मुलगा दिसतो. भावाला मात्र ठाऊक असते की त्याच्या वाट्याची जमीन त्या नेमणुकीत गेली, आणि बहिणीला ठाऊक असते की तिची हक्कसोडपत्रावरची सही का लगबगीने घेतली गेली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. दिवाळीच्या ओवाळणीत त्या सहीचा विषय निघत नाही. सुखी कुटुंबाच्या छायाचित्रात सगळे हसतमुख बसलेले असतात, त्यांतील निम्म्या जणांच्या मनात हा फेरफार असतो.

हे सारे आकडेवारीत का दिसत नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत, २०१९ साली, ग्रामीण भागातील ३५ टक्के आणि शहरी भागातील २२.४ टक्के कुटुंबे कर्जबाजारी आढळली. शहरी माणूस अधिक निश्चिंत, असा अर्थ यातून काढण्याची घाई करू नये. प्रगणक बैठकीच्या खोलीत बसतो, चहा घेऊन येणारी पत्नी दारात उभी असते, आणि कुटुंबप्रमुखास विचारले जाते, 'आपणावर कर्ज किती?' त्या घटकेस पूर्ण खरे उत्तर देणारा गृहस्थ विरळाच. आमच्या जिल्ह्यापुरते आणखी एक उदाहरण देता येईल. वर्धा जिल्ह्यात गेली सुमारे पन्नास वर्षे दारूबंदी आहे. घरखर्चाच्या कोणत्याही पाहणीत या जिल्ह्यातील किती माणसे दारूवरचा खर्च सांगतील? तो भाजीपाल्यात मिसळतो, नाही तर 'इतर'मध्ये. मारहाणीच्या बाबतीत तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने (२०१९-२१) मौनाचीच मोजदाद करून ठेवली आहे: शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणास ते सांगितले.

कर्ज नेहमीच असे लपवले जात होते काय? इतिहास तसे सांगत नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात खतावण्या व कर्जरोखे जाळले गेले. पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावाची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करणे इंग्रज सरकारला भाग पडले. त्या कुणब्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांना एक गोष्ट साधली ती अशी, की कोणावर कोणाचे किती देणे आहे हे गावाला ठाऊक होते. दुःख सामाईक असल्यामुळे त्यांना बाजारात एकत्र जमता आले. आजच्या सुशिक्षित ऋणकोला आपल्या शेजाऱ्याचाही तोच सावकार आहे हे माहीत नसते. शंभर ऋणको शंभर बंद खोल्यांत बसतात आणि सावकार प्रत्येकाशी वेगळा सौदा करतो.

याच एकाकीपणावर भ्रमणध्वनीवरील कर्जाची ॲप उभी राहिली. पाच-दहा हजार रुपये विनातारण मिळतात असे त्यांची जाहिरात सांगे. खरे तर तारण घेतलेले होते: ऋणकोच्या दूरध्वनीतील नावांची यादी. हप्ता चुकला की सासऱ्याला, मुख्याध्यापकाला, वर्गमैत्रिणीला संदेश जाणार. इभ्रत हेच गहाण. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने मार्गदर्शक सूचना काढून अशा ॲपना संपर्कयादी उघडण्यास मनाई केली. नियमाबाहेरची ॲप नियम पाळतील ही अपेक्षा अर्थातच भाबडी आहे.

शेतकऱ्याच्या घरात तर हे गुपित मरणानंतरही पाठ सोडत नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास २००६ च्या शासननिर्णयानुसार एक लाख रुपये मिळतात: तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे आणि त्याच्या वसुलीचा तगादा असावा. ज्या देण्याने माणूस खचला ते बिनपरवान्याचे, तोंडी आणि बायकोपासून लपवलेले असेल तर कागद कोठून येणार? तलाठ्याच्या चौकशीत विधवा म्हणते, 'मला काही माहीत नव्हते.' ती खरेच बोलत असते, आणि त्या खऱ्यानेच ती 'अपात्र' ठरते.

गुपित पुरुषच ठेवतात असे मात्र नव्हे. सूक्ष्म वित्त संस्थांची साप्ताहिक वा मासिक हप्त्यांची कर्जे घेणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणी ती पतीस कळू देत नाहीत. जुने फेडण्यास नवे घेतात. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी अशा कर्जांचा हप्ता कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नये, असे बंधन घातले. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित अपत्ये. नियम शहाणपणाचा आहे. पण कुटुंबाला स्वतःचे एकूण देणे ठाऊक असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

यावर कोणी म्हणेल, की घरातील गोष्टी चव्हाट्यावर आणावयाच्या काय? मुलीचे लग्न जमवायचे असेल त्या बापाने दारावर कर्जाचा आकडा लिहावा काय? आक्षेप रास्त आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि तो मध्यमवर्गालाही आहे. जगापासून झाकणे आणि घरात झाकणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. पहिलीला मर्यादा म्हणता येईल. दुसरीत सहधर्मचारिणीला भागीदारीच्या फायद्यात नव्हे, केवळ दिवाळखोरीत सामील करून घेतले जाते. जामिनकीच्या कागदावर न वाचता सही करणाऱ्या पत्नीची, मित्राची आणि मेहुण्याची जबाबदारी करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे मूळ ऋणकोइतकीच असते, हे पदवीधरांनाही पगारातून पहिली कपात होईपर्यंत उमगत नाही.

कायदा अगदीच पांगळा नाही. बिनपरवाना सावकारीस पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. सावकाराने बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. पण तक्रार आल्याशिवाय ते कार्यालय हलत नाही, आणि तक्रार म्हणजे वाच्यता. म्हणून सुरुवात त्याहून सोप्या ठिकाणी करावी असे सुचवावेसे वाटते. पगारदार पतसंस्थांनी कर्जाच्या आणि जामिनकीच्या अर्जावर पती अगर पत्नीची, मजकूर वाचून दाखवल्याच्या नोंदीसह, सही घ्यावी. आणि सभासदाच्या देण्याचे व जामिनकीचे वार्षिक विवरण शाळेच्या पत्त्यावर न धाडता घरच्या पत्त्यावर, दोघांच्या नावे धाडावे. याला शासनाची परवानगी किंवा अनुदान लागत नाही, सभेचा ठराव पुरतो. पतसंस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. अहवालाच्या पुस्तिकेतील लाभांशाचा आकडा पाहून बहुतेक सभासद ती मिटून ठेवतात. यंदा सभेपूर्वी हा विषय सचिवांकडे लेखी देता येईल.