शाई न लागलेल्या बोटांविषयी

मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र राज्य
यांस,

१५ जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानानंतर आठवडाभर आमच्याकडे वसई-विरारमध्ये शाईचीच चर्चा होती. मार्कर पेनने लावलेली शाई पुसते की राहते, कोणी ती कशाने घासून पाहिली, कोणाच्या नखावर किती दिवस टिकली. विरार लोकलच्या डब्यात, शेअर रिक्षात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळीकडे तेच. ज्यांच्या बोटाला शाई लागलीच नाही, त्यांचा विषय मात्र कोणी काढला नाही. २९ महापालिकांचं सरासरी मतदान पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राहिलं. म्हणजे दहांतले चार-पाच जण फिरकलेच नाहीत, आणि हे आता कोणाला खटकतही नाही.

मतदार उदासीन आहे, हे निदान फार सोयीचं आहे. शिकलेला सुट्टी काढून फिरायला जातो, गरीब पाकिटाची वाट बघतो, असं म्हटलं की सगळे मोकळे. असे लोक वसई-विरारमध्ये आहेत, कोण नाही म्हणतो? २० मे २०२४ ला लोकसभेचं मतदान आलं ते सोमवारी, शनिवार-रविवारला जोडून, ऐन मे महिन्यात. निम्मी चाळ कोकणात गेलेली. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं, ‘माझं नाव गावाला आहे.’ पण एवढ्यावर विषय संपवायला माझी हरकत आहे. तुमच्या मतावाचून या शहराचं काही अडत नाही, हे आम्हाला साडेपाच वर्षं रोज दाखवलं गेलं. लोक बघून शिकले.

आमच्या महापालिकेची आधीची निवडणूक जून २०१५ मध्ये झाली. सभागृहाची मुदत २८ जून २०२० रोजी संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. करोनाचं वर्ष होतं, तेव्हा थांबणं भागच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न आला, मग प्रभागरचना, मग प्रभागरचना कोणी करायची यावरून कायदे आणि कज्जे. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने खडसावलं तेव्हा कुठे गाडं हललं. २०१५ साली सतरा वर्षांचा असलेला मुलगा नगरसेवकासाठी पहिलं मत द्यायला निघाला तेव्हा अठ्ठाविशीला टेकला होता. त्याने ते दिलं नाही तर त्याला उदासीन म्हणायचं, आणि त्याला दहा वर्षं ताटकळत ठेवणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणायचं?

शहर या काळात थांबलं नव्हतं. दर वर्षीचं अंदाजपत्रक प्रशासकाच्या सहीने मंजूर होत गेलं. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत, कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या होत्या. तिथल्या माणसांकडे वीजबिल होतं, आधार कार्ड होतं, आणि हो, मतदार ओळखपत्रही होतं. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं आणि महिना सरायच्या आत पाडकामाला सुरुवात झाली. न्यायालयाचा आदेश होता, पाडकाम टळणारं नव्हतं. पण ज्या दारांवर मतांसाठी थाप पडत होती ती दारं अनधिकृत आहेत, हे थाप मारणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं मला कोणी सांगू नये. सामान रस्त्यावर आल्यावर त्या घरांतल्या बायकांनी जायचं कोणाकडे? नगरसेवक नावाचा प्राणी शहरात शिल्लकच नव्हता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या आदल्या मध्यरात्री, विरारच्या विजयनगरमधली रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ माणसं गेली. तेव्हाही सभागृह रिकामंच होतं.

आता आमच्याच लोकसभा मतदारसंघाचं दुसरं टोक बघा. डहाणू, विक्रमगड या आदिवासी भागांत २०२४ च्या लोकसभेला मतदान सत्तरीच्या पुढे गेलं, नालासोपारा पन्नाशीत रेंगाळला. तिथे केंद्रावर पोचायला डोंगर उतरावा लागतो, इथे रिक्षा दारात येते. कारणं अनेक असतील, पण मला एक महत्त्वाचं वाटतं. तो अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला काही अधिकार दिले. ते पूर्ण मिळाले असं तिथलं कोणी म्हणणार नाही, पण गावाला एकत्र बसून सरकारी माणसाला प्रश्न विचारायची एक जागा आहे. दोन निवडणुकांच्या मधल्या काळातही माणूस नागरिक राहतो.

आमच्याकडेही ती जागा होती. ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि त्रेपन्न ग्रामपंचायतींची मिळून ही महापालिका झाली, त्याआधीच्या ग्रामसभा मला आठवतात. ग्रामसेवक जमाखर्च वाचून दाखवायचा. दिव्यांच्या खर्चाशी आला की मागून एखादा म्हातारा उठायचा. पायात चप्पल नाही, खांद्यावर पंचा. ‘बारा बल्ब लिवलंस, लागलं किती? आमच्या आळीतला खांब तर पावसाळ्यापासून आंधळाच हाय.’ सभा हसायची, ग्रामसेवक घाम पुसायचा आणि पुढच्या आठवड्यात बल्ब लागायचा. कारभार काही सोन्याचा नव्हता. पण त्या म्हाताऱ्याला निवडणुकीत मत द्यायला जा, असं कोणाला सांगावं लागलं नाही.

आपली गावं महापालिकेत नकोत म्हणून वसईच्या पश्चिम पट्ट्याने केवढं आंदोलन केलं, ते आपल्या फायलींतही असेल. लोक नुसते रस्त्यावर उतरले नाहीत, मतदान केंद्रावरही गेले. २००९ च्या विधानसभेत त्यांनी आंदोलनाचे नेते विवेक पंडित यांना वसईतून निवडून दिलं. लोकशाहीच्या पुस्तकात सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. मिळालं काय? २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळल्याची अधिसूचना काढली, महापालिका न्यायालयात गेली, स्थगिती आली, आणि गावं बाहेरही नाहीत आणि धड आतही नाहीत अशी वर्षानुवर्षं लटकली. २०२४ मध्ये सरकारने ती अधिसूचनाच मागे घेतली. ज्या घराने हे पंधरा वर्षं पाहिलं, त्या घरातल्या नातवाला मताची किंमत मतदार जागृतीच्या कोणत्या पथनाट्यातून पटवून देणार?

ग्रामसभा गेली, तिच्या जागी शहरात क्षेत्रसभा यायची होती. २००९ मध्येच महापालिका कायद्यात तशी तरतूद झाली. प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसून कामांचा अग्रक्रम ठरवायचा, असा तो विचार. मी या शहरात एकही क्षेत्रसभा भरलेली पाहिली नाही. उलट या वेळी आम्हाला बहुतेक चार-चार नगरसेवकांचे प्रभाग मिळाले. ११५ जागा, २९ प्रभाग. २०११ च्या जनगणनेची बारा लाख लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात चाळीस हजारांवर माणसं येतात, आणि २०११ नंतर नालासोपाऱ्यात किती चाळी उठल्या ते पश्चिम रेल्वेला विचारा. गटार तुंबलं की चौघांतल्या कोणाला फोन लावायचा? दहिसरच्या नाक्यापलीकडे मुंबईत मात्र एक प्रभाग, एक नगरसेवक. हा निर्णय सरकारचा आहे, आपला नव्हे, हे मला माहीत आहे. पण सामान्य माणसाला मत देणं सोपं झालं की अवघड, यावर आपण सरकारला दोन खडे शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आणि मतदार यादी. ती आपण बनवत नाही, विधानसभेची यादी घेऊन प्रभागांनुसार फोडता, हेही ठाऊक आहे. तरीही एकदा नालासोपाऱ्याच्या एखाद्या भागाची यादी हातात घेऊन बसा. टपाल तिकिटाएवढा काळपट फोटो, घर क्रमांकाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ, मधेच चाळीचं नाव, आणि त्या नावाच्या चाळी शहरात पन्नास. एकाच बाईचं नाव सहा वेळा, असा प्रकार इथेच २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाजला. सहा नावांची चर्चा देशभर झाली. ज्यांचं एकदाही नाव नव्हतं, ती माणसं टेबलावरच्या कार्यकर्त्याने दोन केंद्रं फिरवल्यावर मुकाट घरी गेली. मतदान न करणाऱ्यांच्या टक्केवारीत तीही धरली जातात की नाही, कोण जाणे.

माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी पाठीशी घालत नाही. वसईत २०२४ ची विधानसभा ३,१५३ मतांनी ठरली. १९९० मध्ये पहिल्यांदा आमदार झालेले हितेंद्र ठाकूर एवढ्याशा फरकाने पडले आणि स्नेहा दुबे-पंडित निवडून आल्या. वसईतल्या काही सोसायट्या त्या दिवशी खाली उतरल्या असत्या तर निकाल कुठेही झुकला असता. टँकर उशिरा आला की ग्रुपवर शंभर मेसेज टाकणारे आणि यादीत आपलं नाव आहे का हे बघायला पाच मिनिटं न काढणारे, यांची बाजू कोण घेईल?

पण पत्र त्यांना नाही, आपल्याला लिहितो आहे, कारण एक गोष्ट फक्त आपल्या हातात आहे. राज्यघटनेच्या २४३-यू कलमाप्रमाणे पाच वर्षांची मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण व्हायला हवी. सरकार सहकार्य करत नसेल तर राज्य निवडणूक आयोगाने स्वतः न्यायालयात जावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. आमच्या नव्या सभागृहाची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. प्रभागरचना कधी सुरू होणार, आरक्षणाची सोडत कधी, यादी कधी फोडणार, आणि कोणत्या दिवसापर्यंत सरकारकडून उत्तर आलं नाही तर आयोगाचा वकील न्यायालयात उभा राहणार, हे वेळापत्रक आजच जाहीर करा. पुढच्या खेपेच्या प्रभातफेऱ्यांचा खर्च त्यातच वाचेल. त्याची एक प्रत प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या दारावर, आपल्या सहीनिशी, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लावावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
नालासोपाऱ्याचा एक मतदार