रेडे, चिखल आणि उसेन बोल्ट!

शंभर मीटर अवघ्या ९.५५ सेकंदांत! म्हणजे उसेन बोल्टच्या ९.५८ सेकंदांच्या विश्वविक्रमापेक्षाही कमी वेळ. आणि तेही अनवाणी, चिखलपाण्यातून!

फेब्रुवारी २०२०मध्ये ही बातमी आणि तिच्यासोबतची चित्रफीत देशभरातल्या मोबाइल फोनवर फिरत होती. तिचा नायक होता श्रीनिवास गौडा, मंगळुरूजवळच्या मुडबिद्री भागातला, बांधकामावर मजुरी करणारा २८ वर्षांचा तरुण. १ फेब्रुवारीला ऐकळा गावी कंबाला, म्हणजे रेड्यांची शर्यत झाली. आपल्या बैलगाडा शर्यतीची ही चुलत बहीणच. फक्त इथे गाडा नसतो. पाणी भरलेल्या शेतातून रेड्यांची जोडी उधळते आणि तिला हाकणारा गडी मागून जीव खाऊन पळतो. गौडा आणि त्याच्या जोडीने १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापलं. कुणीतरी त्रैराशिक मांडून शंभर मीटरचा आकडा काढला आणि भडका उडाला!

उद्योगपती आनंद महिंद्रांनी कौतुक केलं. तेव्हाचे क्रीडामंत्री किरेन रिजीजू यांनी गौडाची चाचणी घेण्याचं जाहीर केलं. ‘साई’च्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या बंगळुरू केंद्रात ती व्हायची होती.

ताकदीचा, वेगाचा असा पराक्रम इतका झपाट्याने का पसरतो? अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या सुमारे सात हजार लेखांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध केला. जे वाचून माणूस थक्क होतो, ते तो दुसऱ्याला पाठवण्याची शक्यता जास्त असते, असं त्यात दिसून आलं. गौडाच्या चित्रफितीत थक्क करणारं सगळंच होतं. पीळदार शरीर, काही सेकंदांचा थरार आणि समजायला भाषेची गरज नाही. शिवाय पायात बूट नसलेला आपला गडी जगज्जेत्याला हरवतो, हे कुणाला आवडणार नाही?

पण आकड्यातली गोम कुणी पाहिली नाही. पुढे रेडे जुंपलेले असले, की त्यांची ओढ मागच्या माणसालाही मिळते. दुसरं म्हणजे, धावण्याच्या शर्यतीत सर्वांत जास्त वेळ जातो तो सुरुवातीला वेग घेण्यात. अंतर वाढलं, की ही तूट वाटली जाते आणि सरासरी सुधारते. बोल्टनेच २००९मध्ये मँचेस्टरला १५० मीटरची शर्यत १४.३५ सेकंदांत जिंकली, तेव्हा त्यातले शेवटचे शंभर मीटर तो ८.७० सेकंदांत धावला होता! म्हणजे तुलनाच मुळात बरोबरीची नव्हती.

हे ज्याला सर्वांत आधी कळलं, तो स्वतः गौडाच! बंगळुरूला जाऊन त्याने मुख्यमंत्री येडियुरप्पांच्या हस्ते तीन लाख रुपयांचं बक्षीस स्वीकारलं. चाचणीला मात्र नम्रपणे नकार दिला. पायाला दुखापत होती, पुढच्या कंबाला शर्यती तोंडावर होत्या. चिखलात टाचेवर जोर द्यायचा, ट्रॅकवर चवड्यावर, दोन्हींचं तंत्र वेगळं, असं त्याने सांगितलं. आपल्या यशातला रेड्यांचा वाटाही तो विसरला नाही.

हा नकार किती शहाणपणाचा होता, हे आदल्याच वर्षीच्या एका घटनेवरून कळतं. ऑगस्ट २०१९मध्ये मध्य प्रदेशातला एक तरुण रस्त्यावर अनवाणी धावताना असाच देशभर गाजला. भोपाळला घाईघाईने त्याची चाचणी झाली. कॅमेऱ्यांसमोर तो शेवटचा आला. ना पुरेशी तयारी, ना ट्रॅकची सवय. त्यात त्याचा काय दोष?

घरातली तरुण मुलं आज अशाच चित्रफिती पाहून मोटारसायकल उचलायला, दाताने गाडी ओढायला निघतात. काही सेकंदांच्या त्या दृश्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत पडद्यावर दिसत नाही, आणि मणका दुखावला तर तेही कुणी दाखवत नाही. टाळ्या वाजवणारे दुसऱ्या दिवशी नव्या चित्रफितीकडे वळलेले असतात. मुलांनी गौडाच्या वेगाचं कौतुक जरूर करावं. पण टाळ्यांच्या गजरातही आपलं मैदान कोणतं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. शिकायचं असेल तर ते!