राणी वारुळात, पावडर वाफ्यात

गेल्या महिन्यात तालुक्याची बैठक झाली. विषय कापसाच्या भावाचा होता. आकडे मांडून झाले, भाषणे झाली, ठराव झाले. कोणाला काही विचारायचे आहे का, असे शेवटी विचारले तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शेतकीचं शिकलेले. पऱ्हाटीचं होईल तवा होईल. माह्या सांदवाडीतल्या भेंडीत लाल मुंग्यानं घर केलं. तोडाले हात घातला का आग होते. घरधनी म्हनते, पऱ्हाटीची उरलेली पावडर टाक. टाकू का?"

सभा हसली. आम्हाला हसू आले नाही. कापसाच्या भावावर तासभर बोलणाऱ्या आमच्यापाशी या साध्या प्रश्नाचे उत्तर तयार नव्हते. "टाकू नका, का ते लिहून कळवतो" एवढेच आम्ही म्हणालो. हा लेख म्हणजे ते उत्तर.

ही लाल मुंगी मूळची आपली नाही. तिचे माहेर अमेरिका खंडाचा उष्ण भाग. सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून स्पॅनिश जहाजे मनिलाला जात. त्यांत भरलेल्या मातीबरोबर ती आशियात आली, असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून दिसते. मिरची त्याच खंडातली, आपली आजची लांब धाग्याची कपाशीही तिकडचीच. मिरची आपण आपली केली, मुंगीने आपले आपणच बिऱ्हाड थाटले. ओल असलेली मोकळी जमीन तिला मानवते. कोरडवाहू गावात मार्च-एप्रिलमध्ये ओल कुठे असते? न्हाणीचे पाणी जाते त्या सांदवाडीतल्या वाफ्यातच. म्हणून ती तिथे येते.

तिचे नुकसान खरे आहे. पेरलेले बी ती उचलून नेते, ज्वारीचेही. भेंडीची कोवळी कळी आणि वांग्याची साल कुरतडते. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा तिला आवडतो, म्हणून ती या किडींची राखण करते. २००६ ते २००८ च्या हंगामांत कपाशीवर पिठ्या ढेकूण माजला होता, तो सर्वांना आठवत असेल. त्या ढेकणाच्या शास्त्रीय नावातच या मुंगीच्या जातीचे नाव आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हीच मुंगी बोंडअळीची अंडी खाते, वाळवी खाते. धुऱ्यावर ती आपली सालदार आहे, बिनपगारी. वाफ्यात ती चोर आहे. धुऱ्यावरच्या मुंगीच्या वाटेला जाऊ नका. भांडण फक्त वाफ्यापुरते.

आता पावडरीचे. वारुळातल्या हजारो मुंग्यांपैकी आपल्याला दिसतात त्या थोड्याच, चाऱ्याला बाहेर पडलेल्या म्हाताऱ्या कामकरी. अंडी घालणारी राणी खाली असते, काही वारुळांत तर राण्या अनेक असतात. पावडर भुरभुरली की वरच्या मरतात. आपल्याला वाटते, झाले काम. खाली राणी सुखरूप असते. महिन्याभरात नव्या कामकरी तयार होतात, किंवा सगळे कुटुंब बिऱ्हाड उचलून पलीकडच्या वाफ्यात जाते. विष मात्र आपल्या वाफ्यात राहते. आजार म्हशीला, औषध पखालीला!

हा अनुभव एका बलाढ्य सरकारने आधीच घेतला आहे. या मुंगीची एक थोरली बहीण १९३० च्या दशकात जहाजांतून अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबिल बंदरात उतरली. १९५७ साली तिथल्या शेतीखात्याने तिला समूळ नष्ट करण्याचा विडा उचलला. डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर ही जहाल विषे विमानांतून लाखो एकरांवर टाकली. पक्षी मेले, जनावरे दगावली. रेचल कार्सन या विदुषीने १९६२ साली आपल्या पुस्तकात या मोहिमेचे वाभाडे काढले. मग मायरेक्स नावाचे विष आले. तेही १९७८ साली बंद करावे लागले. या खटाटोपात मेल्या त्या तिथल्या मूळच्या मुंग्या, ज्या या परकीला अटकाव करत होत्या. रान मोकळे झाले आणि ती आणखी पसरली. एडवर्ड विल्सन या मुंग्यांच्या थोर अभ्यासकाने या मोहिमेला कीटकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले.

आपल्याकडे काय वेगळे झाले? शेतकी कॉलेजात आम्हाला मुंगीसाठी बीएचसी पावडर शिकवली. आम्हीही गावोगाव तीच सांगत फिरलो, हे कबूल केले पाहिजे. १९९७ साली तिच्यावर बंदी आली. पॅराथिऑनची पावडर २०१८ साली बंद झाली, फोरेटचे दाणे २०२० च्या अखेरीस. ज्या विषांना आम्ही औषध म्हणत होतो, ती एकेक करून गेली. पण घराच्या कोनाड्यातले जुने पुडे गेले का? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. जे विष उघड्या रानात धडधाकट माणसाला आडवे करते, तेच आपण लेकरे खेळतात, कोंबड्या चरतात आणि संध्याकाळची भाजी तोडतो त्या वाफ्यात टाकणार काय?

घरधनी असे का म्हणतो, हेही समजून घ्या. तो दुष्ट नाही. ती पावडर त्याने उधारीवर आणलेली आहे. पैसे गेलेच आहेत, तर वाया का घालवायची, हा त्याचा हिशेब. भाव न मिळालेल्या पिकाचे कर्ज असे विषाच्या रूपाने सांदवाडीपर्यंत पोचते.

मग करायचे काय? बिनपैशाचे किंवा थोड्या पैशाचे उपाय असे आहेत.

पहिले, पान उलटून पाहा. मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, दहा लिटर पाणी करून पानांच्या खालून फवारा. चिकटा संपला की मुंगीचा तिथला रोजगार संपला.

दुसरे, वारूळ शोधा. सकाळी किंवा संध्याकाळी तेल लावलेली शेंगदाण्याची पेंड कागदावर ठेवा. अर्ध्या तासात रांग लागेल, तिच्या मागे जा.

तिसरे, वारूळ झाडापासून दूर असेल तर दहा-बारा लिटर उकळते पाणी सावकाश ओता. वेळ थंडीतल्या सकाळची, ऊन नुकते पडलेले. तेव्हा राणी आणि पिल्ले उबेसाठी वर आलेली असतात. आधी काडीने उकरू नका, उकरले की राणी खोल जाते. एका पाण्याने सगळीच वारुळे मरत नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा पाहा आणि पुन्हा ओता. लेकरांना लांब ठेवा.

चौथे, वारूळ भेंडीच्या मुळाशीच असेल तर उकळते पाणी झाडालाच मारील. तिथे आमिष लावा. अर्धा लिटर पाण्यात मूठभर साखर आणि एक सपाट चहाचा चमचा बोरिक पावडर विरघळवा. कॅरमवर टाकत तीच ही पावडर. आपल्याच कापसाचा बोळा त्यात भिजवून भोके पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवा. पावडर वाढवू नका. जहाल आमिष खाणारी मुंगी वाटेतच मरते. सौम्य आमिष ती घरी नेते आणि तोंडातोंडी राणीपर्यंत पोचवते. दोन-तीन आठवडे लागतात, बोळा दर दोन-तीन दिवसांनी बदला. हेही विषच आहे, लेकरे आणि कोंबड्या यांच्यापासून जपा. मातीत सांडू नका, झाडे करपतात.

पाचवे, रोपे मचाणावर करा आणि मचाणाचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवा. दुधाच्या कपाटाचे पाय वाट्यांत ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणत्याही कॉलेजने शिकवले नव्हते.

आणि रवा टाकला की मुंगीचे पोट फुटते, ही समजूत सोडा. मोठी मुंगी घन खातच नाही. ते ती पिल्लांना भरवते. रवा टाकणे म्हणजे शत्रूच्या पोरांना जेवण. चावलेली जागा थंड पाण्याने धुवा, खाजवू नका. तोंड सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती इलाजात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, तेव्हा तिचे पहिले अंग सीताशेती होते. बाईच्या हातातला छोटा तुकडा, घरचे बी, बाहेरून काही विकत न आणता. पुरुषांनी ते फारसे मनावर घेतले नाही. तो तुकडा विषापासून वाचवणे हे आंदोलनाचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

भेंडीच्या वाफ्याने आम्हाला आणखीही एक शिकवले. २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचे पॅकेज आले, २००८ साली कर्जमाफी आली. दोन्हींनी वर दिसणारे कर्ज काही काळ झाकले. वारूळ तसेच राहिले. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका आदेशाने बंद झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले गेले. भाव वर यायला लागला की तो खाली दाबणारे धोरण ही राणी आहे. तिला हात न लावता वरून भुरभुरलेली प्रत्येक मदत ही पावडर आहे.

म्हणून दोन कामे. प्रत्येक गावबैठकीत पहिला अर्धा तास मायबहिणींच्या प्रश्नांना, शेवटचा नव्हे. आणि उरलेले विष घरात आणायचे नाही, हा ठराव त्याच बैठकीत. प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंनी पुढच्या बैठकीला यावे आणि काय झाले ते सांगावे. आमचे सांगणे चुकले असेल तर तेही भर सभेत सांगावे.