अध्यक्ष नको, मंगळवार द्या

५ नोव्हेंबर २०२५, बुधवारची सकाळ. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये पेंगत होतो आणि फोन वाजला. मावसभाऊ. वय वर्षं वीस, संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एरवी हा प्राणी दहाच्या आत उठत नाही, त्यामुळे पोटात धस्स झालं. मावशीला काही झालं की काय!

"दादा, ममदानी आला!"

न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक. पठ्ठ्या पहाटेपासून जागा होता. व्हर्जिनियात काय झालं, न्यू जर्सीत काय झालं, कॅलिफोर्नियात मतदारसंघांच्या नकाशावरचं जनमत कसं पास झालं, सगळं तोंडपाठ. मग गाडी त्याच्या लाडक्या मुद्द्यावर आली. "आपल्याकडेपण अमेरिकेसारखी सिस्टीम पाहिजे राव. डायरेक्ट अध्यक्ष निवडायचा. चार वर्षं फिक्स. मंत्री म्हणून एक्स्पर्ट आणायचे. गुवाहाटीची झंझटच नाही."

मी म्हटलं, ते ठीक आहे, पण काल आपल्याकडे काय जाहीर झालं ते माहीत आहे का?

"काय झालं?"

४ नोव्हेंबरलाच राज्य निवडणूक आयोगाने २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर केल्या होत्या. मतदान २ डिसेंबरला. त्यात आमचं कन्नडही होतं. (पुण्यात 'मी कन्नडचा' म्हटलं की समोरचा 'अरे, पण मराठी छान बोलतोस की' म्हणतो. आता मी खुलासा करणं सोडून दिलंय.)

"अच्छा, नगरपालिका होय," तो म्हणाला. "त्यात काय बघायचं?"

मंडळी, हे 'त्यात काय बघायचं' तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. आणि तो एकटा नाही. २०२४ च्या अमेरिकन निकालाच्या दिवशी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पेनसिल्वेनिया आणि विस्कॉन्सिनवर अशी चर्चा रंगली होती की वाटावं, सगळे तिथलेच मतदार आहेत. त्याच कँटीनमध्ये मी एकदा विचारलं होतं, आपल्या पुण्याच्या महापालिकेत सध्या महापौर कोण? दोघांनी नावं सांगितली. तेव्हा पुण्याला महापौरच नव्हता. २०२२ पासून प्रशासक होता!

आधी मावसभावाचे मुद्दे घेऊ. 'डायरेक्ट निवडायचा' हे तर सरळ चूक आहे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनला ट्रम्पपेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त होती, तरी अध्यक्ष ट्रम्प झाला. २००० साली अल गोरचंही तेच झालं. मतं राज्याराज्याने मोजली जातात आणि बहुतेक राज्यांत जो पुढे त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी मिळतात. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण भारताला सल्ला देताना नेमकं विसरायला होतं. 'चार वर्षं फिक्स' हे खरं. पण तो मला हे सांगत होता तेव्हा अमेरिकेचं सरकार १ ऑक्टोबरपासून बंद पडलेलं होतं, खर्चाचा कायदा मंजूर होत नव्हता म्हणून. ते ४३ दिवस बंद राहिलं. आपल्याकडे अर्थसंकल्पावर सरकार हरलं तर सरकार जातं. तिकडे सरकार जात नाही, नुसता पगार थांबतो.

गुवाहाटीचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. जून २०२२ मध्ये जे झालं ते बघून ज्याला चीड आली नाही त्याच्याशी मला बोलायचंच नाहीये. पण त्या रोगावर हे औषध आहे का, हा प्रश्न आपल्याकडे आधीच विचारून झालेला आहे, आणि विचारणारा माणूस अमेरिकेत शिकलेला होता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, म्हणजे याच ममदानीच्या न्यूयॉर्कमध्ये. ४ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी संविधान सभेत मसुदा मांडला (दोनच दिवस आधी अमेरिकेत ट्रूमन निवडून आला होता), आणि त्या भाषणात अमेरिकन पद्धत आणि संसदीय पद्धत शेजारीशेजारी ठेवून तोलली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरकार स्थिरही हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही सारख्या मापात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त. तिकडे सरकारचा हिशोब ठरलेल्या मुदतीने होतो. इकडे तो मुदतीने तर होतोच, शिवाय रोजच्या रोजही होतो, सभागृहातल्या प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासातून. आणि भारतासारख्या देशात रोजचा हिशोब जास्त गरजेचा, म्हणून मसुद्याने जबाबदारी निवडली. ज्या संभाजीनगरात मावसभाऊ इंजिनिअरिंग करतोय तिथेच बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, आणि तिथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तेवढं भाषण वाच, असं मी त्याला सांगितलं. "पीडीएफ पाठव" म्हणाला. पाठवली. असो.

आता गंमत बघा. याला जो थेट निवडलेला अध्यक्ष हवाय तो कन्नडला आहे. नगराध्यक्ष! २०१६ मध्ये फडणवीस सरकारने नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचं ठरवलं, २०२० मध्ये महाविकास आघाडीने ते रद्द केलं, २०२२ मध्ये शिंदे सरकारने परत आणलं. म्हणजे २ डिसेंबरला मतदाराने एक मत नगराध्यक्षाला द्यायचं आणि प्रभागातल्या सदस्यांना वेगळी मतं द्यायची. अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. २०१९ ते २०२१ मध्ये ट्रम्प आणि डेमोक्रॅटांचं प्रतिनिधिगृह यांचं जे चाललं होतं तेच, फक्त विषय नाली आणि पथदिवे. शिवाय कारभार बघायला सरकारने पाठवलेला मुख्याधिकारी. अमेरिकेतल्या अनेक लहान शहरांतही नगरमंडळ आणि पगारी मॅनेजर अशीच विभागणी असते. ज्याला अध्यक्षीय पद्धत चांगली की वाईट याचा अभ्यास करायचाय त्याच्यासाठी प्रयोगशाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 'त्यात काय बघायचं' म्हणे.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. अमेरिकेकडून काही उचलायचंच असेल तर अध्यक्ष नको, तारीख उचला.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. १८४५ सालचा कायदा. शेतकऱ्याला रविवारी चर्चला जायचं असे, मतदानाच्या गावी पोचायला दिवस लागे, म्हणून मंगळवार. आज त्या कारणाला काही अर्थ उरलेला नाही, पण तारीख तिथेच आहे. १८६४ मध्ये देश दोन तुकड्यांत भांडत होता, यादवी युद्ध चालू होतं, तरी निवडणूक झाली, आणि लिंकनला स्वतःला आपण हरू अशी भीती होती. १९४४ मध्ये महायुद्ध चालू असताना झाली. २०२० मध्ये कोरोनात झाली. ते काही साधुसंत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासने मध्येच मतदारसंघांचा नकाशा बदलून घेतला, मग कॅलिफोर्नियाने जनमत घेऊन उत्तरादाखल तेच केलं. आपल्या प्रभाग रचनेच्या खेळाचा हा मोठा भाऊ. आणि ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. नकाशावर भांडतात, मोजणीवर भांडतात. मतदानाचा दिवस मात्र हलत नाही.

आणि आपल्याकडे?

२०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासक. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान फेब्रुवारी २०२६ मध्ये. संभाजीनगर महापालिकेचा तर विक्रमच. एप्रिल २०२० मध्ये मुदत संपली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ ला. ज्या शहरात कित्येक भागांत नळाला आठवड्याने पाणी येतं तिथे पाण्याबद्दल ओरडायला पावणेसहा वर्षं एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाच्या काळात ठराव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. बाबासाहेबांचा तो रोजचा हिशोब विचारणारं सभागृहच नाही. हा माणूस कितीही सज्जन असो, त्याला आपण निवडलेलं नाही आणि काढूही शकत नाही.

'पण ओबीसी आरक्षणाचा प्रश्न होता ना?' होता, आणि खरा होता. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिहेरी चाचणीची अट घातली, मग बांठिया आयोग, जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल कोर्टाने मान्य केला. तिथे निवडणुका लागायला हव्या होत्या. पण एका सरकारने प्रभाग वाढवले, दुसऱ्याने येऊन ते कमी केले, पुन्हा कोर्ट, ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे', आणि मग तारीख पे तारीख. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टानेच सांगितलं की चार महिन्यांत उरका. तेही झालं नाही, मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घेतली. तिकडे मतदान तोंडावर आलेलं असताना काही नगरपरिषदांची तारीख २० डिसेंबरवर गेली, आणि ३ डिसेंबरची मतमोजणी सगळ्यांचीच २१ डिसेंबरवर.

याच काळात लोकसभा २०२४ ला वेळेवर झाली. विधानसभा २० नोव्हेंबर २०२४ ला वेळेवर झाली. तीच शाळा, तेच शिक्षक ड्युटीवर, तीच बोटाची शाई. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. ज्यांना स्वतःच्या खुर्चीसाठी हवी होती ती झाली, गल्लीची राहिली.

आणि तारीख आपल्याकडे लिहिलेली नाही असंही नाही! १९९३ पासून लागू असलेली ७४ वी घटनादुरुस्ती, कलम २४३-यू. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. इतकं स्पष्ट. माझ्या प्रॉजेक्टमध्ये क्लायंटची रिलीज डेट दोन दिवस सरकली तर सहा जणांना मेल जाते आणि कोणाचं तरी अप्रेझल जातं. इथे घटनेतली तारीख चार-सहा वर्षं सरकली. आपण, म्हणजे मी, मावसभाऊ, कँटीनमधले सगळे जण, तेव्हा काय करत होतो? ॲरिझोनाचा नकाशा लाल होतोय की निळा ते बघत होतो.

मी काही वेगळा नाही, हे सांगून टाकतो. २०१६ मध्ये नुकताच अठरा पूर्ण झालो होतो. हॉस्टेलवर होतो, नाव नोंदवलं नाही, गेलो नाही. यावेळी सुट्टी टाकली, सोमवारी रात्री शिवाजीनगरहून एसटी पकडली. पहाटे घरी. आई म्हणाली, "एवढ्यासाठी आलास?" आंघोळ करून केंद्रावर गेलो, मशीनसमोर उभा राहिलो आणि हात थांबला. नगराध्यक्षपदाच्या उमेदवारांपैकी दोघांची नावं ऐकलेली होती, बॅनरमुळे. प्रभागातल्या एकाही माणसाला मी ओळखत नव्हतो. घरी आईला विचारलं असतं तर तिने प्रत्येकाची तीन पिढ्यांची कुंडली सांगितली असती. मला जॉर्जियातल्या फुल्टन काउंटीचं नाव माहीत आहे, माझ्या स्वतःच्या प्रभागाची हद्द कुठे संपते ते माहीत नव्हतं. पक्ष बघून बटणं दाबली. हे लिहिताना लाज वाटतेय, पण तसंच झालं.

मावसभाऊ आला नाही. येऊनही उपयोग नव्हता. मतदारयादी १ जुलै २०२५ ची धरली होती आणि याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. अमेरिकेत वेगवेगळ्या राज्यांत मतदार नोंदणीच्या मुदती काय आहेत हे त्याने मला एकदा अर्धा तास समजावलं होतं :)

त्याला मी सांगितलंय, ३ नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीबद्दल तू खुशाल बोल, मी ऐकेन. पण आधी फॉर्म ६ भर.

गेल्या रविवारी त्याचा मेसेज आला. "दादा, फॉर्म उघडलाय. पत्ता हॉस्टेलचा टाकू का कन्नडचा?"