तलाक मागणारी बाई

दिवाळीच्या सुट्टीत लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मोबाइलवर चित्रण न करणारा माणूस शोधून सापडायचा नाही. गिरिजात्मजाच्या लेण्यातली गर्दी, प्रसादावर टपलेली माकडं, खालचं कुकडीचं खोरं, सगळं टिपून घरी नेलं जातं. कॅमेऱ्याला तोटा नाही. वाण आहे ती एका जागी बसून ऐकून घेणाऱ्यांची.

किम लाँगिनोटो आणि झिबा मीर-हुसैनी तशा बसल्या, तेहरानच्या कौटुंबिक न्यायालयात. त्यातून १९९८ साली ‘डिव्होर्स इराणियन स्टाइल’ हा माहितीपट झाला. तिथे नवऱ्याला तलाकसाठी कारण द्यावं लागत नाही. बायकोला मात्र ते सिद्ध करावं लागतं, नाहीतर मेहेरवर, म्हणजे लग्नात ठरलेल्या हक्काच्या रकमेवर, पाणी सोडून त्याची संमती मिळवावी लागते. म्हणून या बायका घासाघीस करतात, भांडतात, प्रसंगी थापाही मारतात. त्यांची गरीब गाय केलेली नाही, हे मला फार आवडलं. कारकून बाईंची चिमुरडी पनीझ न्यायाधीशाच्या रिकाम्या खुर्चीत बसते आणि त्याची हुबेहूब नक्कल करत काल्पनिक नवऱ्याला खडसावते. त्या दृश्यापुढे आपले दहा परिसंवाद फिके!

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १८ एप्रिल १९६६ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. ज्योती सुभाष यांनी दलवाईंवर माहितीपटही केला. पण शाहबानो खटल्यापासून २०१९च्या तिहेरी तलाकविरोधी कायद्यापर्यंत आपली चर्चा फिरत राहिली ती तलाक दिलेल्या बाईभोवती. तलाक मागणारी बाई त्यात जवळजवळ नाहीच. १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानं तिला न्यायालयाचा रस्ता दिला आहे: नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोसत नसेल, छळत असेल, तर ती स्वतः दावा लावू शकते. शिवाय ‘खुला’, म्हणजे बायकोनं मागून घेतलेला तलाक, आहेच. पण त्यासाठी तिनं घातलेले हेलपाटे पडद्यावर अभावानेच दिसतात. (बायको टाकणारे सगळ्याच धर्मांत आहेत, कळवळा मात्र शेजारच्या घरापुरता असतो.)

आपल्या न्यायदालनात कॅमेरा सहसा नेता येत नाही, हे ठाऊक आहे. वकिलाच्या टेबलाशी, माहेरच्या ओसरीवर तरी नेता येईल. तिला विचारून, चेहरा दाखवायचा की नाही हे तिच्यावर सोडून. जुन्नर-आंबेगावातल्या कुणी हे काम अंगावर घेतलं, तर त्याची हकीकत छापायला पुढच्या अंकाची पहिली पानं राखून ठेवतो.