स्कॉच स्वस्त होणार. नाशिकपुढे प्रश्न रोजगाराचा

देवळाली कॅम्प - भारत व ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के आयातशुल्क प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. ब्रिटिशांच्या लष्करी छावणीतून वाढलेल्या देवळालीच्या जिल्ह्यातच, दिंडोरी येथे, ‘लाँगिट्यूड ७७’ ही भारतीय सिंगल माल्ट तयार होते. साहजिकच या कराराची झळ नाशिकपर्यंत पोहोचू शकते.

तथापि, स्पर्धा केवळ किमतीची नाही. स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षे मुरल्याखेरीज मद्याला ‘स्कॉच’ म्हणता येत नाही. ही प्रक्रिया पाहण्यासाठी १७६३ पासूनचा वारसा सांगणाऱ्या ग्लेनटरेटसारख्या डिस्टिलरींना पर्यटक भेट देतात. त्यातून परिसरातील हॉटेले आणि वाहतूक व्यवसायालाही उत्पन्न मिळते.

नाशिकला हे सूत्र अपरिचित नाही. राज्याच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर येथे वायनरी वाढल्या; ‘सुला’ने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडून पर्यटकांना द्राक्षमळ्यात आणले. वाइनचा लाभ मात्र द्राक्षबागायतदारालाही मिळतो. माल्टसाठी लागणारी बार्ली प्रामुख्याने उत्तर भारतात पिकते. त्यामुळे व्हिस्कीतून स्थानिकांच्या पदरी काही पडायचे असेल, तर ते कारखान्यातील रोजगार व पर्यटन यांतूनच पडेल. शुल्काचे कवच उतरत असताना धोरणकर्त्यांनी महसुलाइतकाच याचाही विचार करणे आवश्यक आहे.