साडी नेसणे हा गुन्हा नव्हे!



बैठकीसाठी म्हैसूरला जाताना डब्यात टाळी वाजवत एक तृतीयपंथी आली. आमच्याच काही साथींनी टवाळी केली, "धडधाकट पुरुष, साडी कशाला नेसतोस?" आम्ही गप्प बसलो, याची शरम वाटते.

नारायणराव राजहंस वर्षानुवर्षे शालू नेसून रंगभूमीवर उभे राहिले. आपण त्यांना बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतले. १९६४ साली सरकारने पद्मभूषण दिले. तिकीट काढून पाहिली तर ती कला, आणि रस्त्यावर दिसली की तीच साडी गुन्हा? हा कुठला न्याय?

गोऱ्या साहेबाने १८७१ च्या कायद्यात संशयित हिजड्यांची नोंदवही काढली. तीत नाव असलेला बायकी वेशात रस्त्यावर दिसला तर दोन वर्षांपर्यंत कैद! कर्नाटक पोलीस कायद्यात २०११ साली नोंदवहीचे तसेच कलम आले. साहेब गेला, वही राहिली! कोर्टात दाद मागितल्यावर त्यातला शब्द बदलला.

वेश, बोलणे, वागणे यांतून आपले लिंग व्यक्त करणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले. कर्नाटकाने २०२१ साली राज्याच्या नोकऱ्यांत एक टक्का जागा राखल्या. पण रेल्वे आणि पोस्ट केंद्राचे. म्हणून तो नियम म्हैसूर स्टेशनच्या फाटकाशीच अडतो.

२०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितले. आपल्या कचेरीत तो कोण? प्रत्येक शाखेने प्रशासनाला लेखी विचारावे. काम चोख असेल तर कपाळावरच्या टिकलीने कोणाचे पोट का दुखावे?

कामगार एकजुटीचा विजय असो!